खान्देशात फिरते घर आणि सोबत कुत्रा

फिरते घर म्हणजे पत्र्याच्या गाडीत थाटलेले बिऱ्हाड. झोपायचा बाक, एका शेगडीचा ओटा, पाण्याची टाकी, छतावर सौर पॅनेल आणि लॅपटॉप ठेवायला एक फळी, एवढ्यात ते पुरे होते. अशा गाडीत बारमाही राहून ऑनलाइन नोकरी करणाऱ्याजवळ कुत्रा असला, तर कधी निघायचे, कुठे थांबायचे आणि कोणत्या ऋतूत कुठे असायचे हे त्या कुत्र्याला सोसेल तसे ठरवावे लागते. खान्देशातल्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत ही बाब जनावराच्या जिवाशी येऊन ठेपते.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मध्ये तापीचे सखल खोरे अशी या मुलखाची ठेवण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पहिल्या अर्ध्या तासातच आतले तापमान बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी चढते, आणि काच चार बोटे खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. माणसाला घाम येतो आणि तो वाळताना अंग थंड होते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना. त्याची सारी भिस्त धापण्यावर असते, आणि आतली हवाच अंगापेक्षा तापलेली असली की धापणे कमी पडू लागते. पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींना तर नीट धापताही येत नाही. त्यांना खान्देशच्या उन्हाळ्यात गाडीत आणूच नये. लठ्ठ आणि वयस्क कुत्र्यांचेही तेच.

यावर एसी हा उपाय वाटतो, पण त्याचा हिशेब आधी कागदावर मांडावा. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असली तर तिच्यात साधारण अडीच युनिट वीज असते. एक टनाचा एसी तासाला सुमारे एक युनिट घेतो. म्हणजे दोन-अडीच तासांत बॅटरी संपली. सौर पॅनेल तापले की वीज कमी देतात, म्हणजे ऊन सर्वांत कडक असते त्याच वेळी त्यांची क्षमता घटते. इन्व्हर्टर आणि बॅटरी फार तापल्या की स्वतःच्या बचावासाठी बंद पडतात, आणि त्या बंद पडल्याचे गाडीबाहेर बसलेल्या माणसाला कळत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या लॅब्रॅडोर कुत्रीवर हीच वेळ आली. मे महिन्यातली दुपार, धुळ्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गावरचा एक ढाबा. गाडी पत्र्याच्या शेडखाली लावली, एसी सुरू ठेवला, आणि गाडीत रेंज तुटत होती म्हणून मीटिंगसाठी लॅपटॉप घेऊन ढाब्याच्या खोलीत जाणे झाले. मीटिंग लांबली. पस्तीस मिनिटांनी दार उघडले तेव्हा इन्व्हर्टर बंद होता आणि कुत्री दाराशी आडवी पडली होती. जीभ गडद लाल, तोंडाला चिकट लाळ, उठायचा प्रयत्न केला की मागचे पाय लटपटत. घाईने नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देणारे निघाले. ढाब्याच्या माणसाने प्यायच्या पाण्याचा रांजणच पुढे ओढला. त्या गार पाण्याने आणि टेबलफॅनने ती सावरली, मग जनावरांच्या दवाखान्यात सलाइन लागले. नंतरचे काही दिवस ती नीट खात नव्हती. मीटिंग अर्ध्यावर सोडता आली असती, आणि तिने जे भोगले ते टळले असते.

अशा वेळी काय करायचे हे आधीच पाठ असावे लागते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते, ४१ च्या पुढे ते गेले की आतले अवयव निकामी होऊ लागतात. प्रथम सावली. मग पोट, जांघा, मान आणि पंजांवर सतत पाणी आणि त्यावर वारा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, तो थोड्याच वेळात तापतो आणि उष्णता कोंडतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. आधी थंड करणे, मग दवाखान्यात नेणे, असा क्रम ठेवावा. कुत्रा उठून शेपूट हलवू लागला तरी डॉक्टरांना दाखवावेच, कारण मूत्रपिंडांवरचा आणि रक्त गोठण्यावरचा परिणाम एक-दोन दिवसांनीही दिसतो. तालुक्याच्या गावी जनावरांचा दवाखाना असतो, पण तिथला मुख्य राबता गाई-म्हशी-शेळ्यांचा. म्हणून मुक्कामाला पोचल्याच्या दिवशीच कुत्री-मांजरी पाहणारे डॉक्टर कुठे आहेत आणि रात्री फोन उचलतात का, हे विचारून ठेवावे. धुळे आणि जळगाव शहरांत ही सोय सहज मिळते.

जनावरे आणि कुत्री घेऊन फिरणे खान्देशाला नवे नाही. धुळे जिल्ह्यातल्या ठेलारी धनगरांचे वाडे, म्हणजे एकत्र फिरणारी कुटुंबे, पावसाळा सरला की मेंढ्या, सामान लादलेली घोडी आणि राखणीची कुत्री घेऊन महिनोन्‌महिने चालतात. चालायचे ते सकाळच्या गारव्यात, ऊन चढले की झाडाखाली. गाडीवाल्याने हीच रीत उचलावी. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हे चार महिने या दोन जिल्ह्यांसाठी उत्तम. मार्चपासून सह्याद्रीच्या उंचीवर किंवा भाड्याच्या पक्क्या घरात राहावे. मार्च-एप्रिलमध्ये इथून जावेच लागले तर पहाटे चारला निघावे, दहाच्या आत झाडाखाली पोचावे आणि कामाचे तास सकाळी व रात्री मागून घ्यावेत. फिरायला नेण्यापूर्वी हाताची मागची बाजू डांबरावर पाच सेकंद टेकवून पाहावी. ती टेकवत नसेल तर पंजेही भाजतात.

मुक्कामाला ढाबा, पेट्रोल पंप किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचा मळा मिळतो. गावाजवळ थांबताना सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना सांगून थांबावे. लोक चौकशी करतात ती काळजीपोटी आणि सांगितल्यावर ओट्यावर बसवून चहाही देतात. जून ते सप्टेंबर मात्र मळ्यात गाडी घालू नये. काळी माती भिजली की चाक रुतते आणि ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. नदी-नाल्याच्या काठी, पात्र कोरडे दिसले तरी, मुक्काम नको. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगाव वेढले आणि त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला.

रावेर-यावलच्या केळीच्या बागा सावलीसाठी मोह पाडतात. तिथे कुत्र्याला मोकळे सोडू नये, कारण ठिबकच्या टाकीत विद्राव्य खते सोडलेली असतात आणि कुत्रा ते पाणी पितो. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत आपुलकीने कुत्र्यापुढेही घास ठेवला जातो. भरितातला लसूण आणि कांद्याची पात कुत्र्याच्या तांबड्या पेशींना घातक असते. नम्रपणे नको म्हणून त्याला साधी भाकरी द्यावी. रात्री कुत्रा गाडीबाहेर बांधून ठेवणे ही मोठीच चूक ठरते. गिरणा खोऱ्यात बिबटे आहेत, २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसेही दगावली, आणि कुत्रा हे तर बिबट्याचे सोपे भक्ष्य. यावल आणि गौताळा-औट्रमघाट अभयारण्यांत कुत्रा नेऊ नये. पाळीव कुत्र्याकडून डिस्टेंपरसारखा रोग वन्य प्राण्यांत पसरतो. गौताळ्यातली पाटणादेवी पाहायची असेल तर कुत्र्याला चाळीसगावात माणसाच्या सोबतीने ठेवावे.

इंटरनेटसाठी दोन वेगळ्या कंपन्यांची सिम हवीत. महामार्ग आणि मोठ्या गावांत अडचण नाही, पण चोपडा, यावल, रावेरच्या उत्तरेला सातपुड्यात शिरले की रेंज जाते. महत्त्वाच्या मीटिंगच्या दिवशी लॉजमध्ये खोली घ्यावी, कुत्र्याला चालते का हे आधी विचारून. खोलीचे भाडे वाचवायला गेले की वर सांगितलेला प्रसंग घडतो.

कागदपत्रांकडे सुरुवातीलाच पाहावे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले, तरी घरची व्हॅन कापून-जोडून फिरते घर करण्याची मोकळीक त्यातून मिळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेतला बदल नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मंजुरीविना करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमके हेच विचारते. कुत्र्याची लसीकरण-पुस्तिका गाडीच्या कागदांसोबतच ठेवावी. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी वेळेवर द्याव्यात आणि मळ्यातून आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावी, कारण गोचीडतापाची सुरुवात नुसत्या मलूलपणाने होते. गावकुत्र्यांच्या भांडणात माणसाला दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी रुग्णालय गाठावे, आणि पुढच्या लसींच्या तारखा संपेपर्यंत त्याच गावाच्या आसपास मुक्काम ठेवावा.