गाडगे महाराजांचे कीर्तन : श्रोत्याचा सहभाग

नारदीय कीर्तनात बुवा निरूपण करतात. श्रोते बहुतांशी ऐकतात. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) ही चौकट मोडली. १९०५ मध्ये गृहत्याग केलेले महाराज स्वतःच बेघर होते. वऱ्हाडी बोलीत ते जमावाला प्रश्न विचारीत. प्रश्न इतका साधा, की निरक्षर मजूरही उत्तर देई आणि पुढे नामगजरात त्याचाही आवाज मिसळे. (भाषेच्या अभ्यासकाला याहून चांगला संवादाचा नमुना क्वचितच मिळेल.) कीर्तनांतून जमलेल्या देणग्यांवर पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर अन्यत्र निवारा नाकारल्या जाणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांसाठी होती. महाराजांनी स्वतःसाठी घर बांधले नाही.

स्वाध्याय : पालम परिसरातील एखादे कीर्तन ऐका. त्यात श्रोता केव्हा बोलतो, याची नोंद करा.