आजारी कुत्र्याला निरोप : घरच्यांनी करायची तयारी

‘आता औषधाचा उपयोग नाही’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, खातोय ना अजून, राहू दे. दुसऱ्याला हाल बघवत नाहीत. हा वाद रात्री दोन वाजता, कुत्रा धापा टाकत असताना घालायचा नसतो. तो स्वतःच्या पायांनी दारापर्यंत येतोय तोवरच सगळ्यांनी एकत्र बसावं.

आधी डॉक्टरांना नेमकं विचारा : आजार पुढे कसा वाढेल, रात्री अचानक बिघडलं तर फोन कोणाला करायचा, कायमचं झोपवणारं इंजेक्शन द्यायला घरी याल का, खर्च किती. ऐन दिवाळीत डॉक्टर मिळतीलच असं नाही, म्हणून आणखी एकाचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. वेदनेचं औषध त्यांच्याकडूनच घ्यायचं. आपल्या डब्यातलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखं बाधू शकतं.

घरातल्या गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरा, नाहीतर मागचे पाय फाकतात आणि तो घाबरून उठायचंच सोडतो. पोटाखालून टॉवेल घालून उचललं की जड कुत्र्यालाही शू करायला नेता येतं. अंथरुणाला खिळला असेल तर जाड गोधडी घाला आणि दर काही तासांनी कूस बदला.

मग भिंतीवरचं कालनिर्णय कामाला लावा. त्याच्या आवडीच्या चार-पाच गोष्टी लिहून काढा : पोळीचा तुकडा मागणं, लिफ्ट थांबली की कान टवकारणं, गॅलरीतून कबुतरांवर भुंकणं. यातल्या निम्म्या तरी केल्या तर त्या तारखेवर बरोबरची खूण, नाहीतर फुली. अमेरिकन पशुवैद्य ॲलिस विलालोबोस यांनी यासाठी सात मुद्द्यांची मोजपट्टी केली आहे : वेदना (श्वासाचा त्रास यातच येतो), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला 0 ते 10 गुण द्यायचे. बेरीज 35च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवायला हरकत नाही. गुण मात्र प्रत्येकाने वेगळे द्या. संध्याकाळी ऑफिसातून येणाऱ्याला हलणारी शेपटी दिसते, रात्रभर त्याच्या उशाशी बसणाऱ्या आईला वेगळंच दिसतं. माझ्या मते तिच्या गुणांना जास्त वजन द्यावं. आणि ‘खातोय’ एवढ्यावर विसंबू नका. लॅब्रेडॉर शेवटच्या श्वासापर्यंत खाईल.

फुल्या वाढायला लागल्या की इंजेक्शनची तारीख ठरवा, थोडी लवकरचीच. ‘आपण कोण त्याचा जीव घेणारे?’ असं आजी म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका, डॉक्टरांनाच त्यांच्याशी बोलायला सांगा. खोलीत थांबायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. लहान मुलांना ‘झोपला’ किंवा ‘गावाला पाठवला’ म्हणू नका. तो मरणार आहे हे साध्या शब्दांत सांगा. नाहीतर मुलं झोपायला घाबरतात किंवा वर्षभर वाट बघत बसतात.

त्या दिवशीची कामं आधीच उरकून ठेवा : संमतीपत्रावर सही, डॉक्टरांची फी, अंगाखाली घालायला प्लास्टिक आणि वर जुनी चादर. आवडीचं खायला थोडंच द्या, कारण आधी देतात त्या गुंगीच्या औषधाने उलटी होऊ शकते. गुंगी चढली की बहुधा पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात. शुद्ध काही सेकंदांतच हरपते. मग श्वास थांबतो आणि काही मिनिटांत हृदयही. डोळे उघडेच राहतात. नंतरही एखादा खोल उसासा येतो, स्नायू थरथरतात, लघवी होते. हे आधी माहीत नसेल तर माणसं ‘जिवंत आहे, जिवंत आहे’ म्हणून ओरडतात. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून सांगेपर्यंत हात त्याच्या डोक्यावर असू द्या.

अंग काही तासांत ताठरतं, म्हणून पाय लगेच पोटाशी दुमडून घ्या. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला जवळ येऊन हुंगू द्या.

दहन की दफन, हेही आधीच ठरलेलं हवं. मुंबईत महापालिकेने 2023मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली. इतर गावांत महापालिकेच्या आरोग्य खात्यात किंवा डॉक्टरांकडे चौकशी करा. स्वतःच्या शेतात पुरणार असाल तर विहीर-ओढ्यापासून लांब, निदान तीन-चार फूट खोल खड्डा घ्या, पावसाळ्यात आणखी खोल. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिक नको. इंजेक्शनचं औषध शरीरात तसंच राहतं. उकरून खाणारी भटकी कुत्री किंवा कोल्हे त्याने मरू शकतात.

नंतर सवडीने कुत्र्याचा महापालिकेचा परवाना रद्द करून घ्या. उरलेलं खाणं सोसायटीतल्या कुत्र्यांना घाला, पण उरलेली औषधं नाही. ती डॉक्टरांकडे परत द्या.