अजगराच्या मागावर

मुलांनो, साप दिसला की आपण मागे सरकतो. पण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, एव्हरग्लेड्स नावाच्या अफाट दलदलीत, काही माणसे मुद्दाम अजगर शोधत हिंडतात.

हे अजगर मूळचे तेथले नाहीत. ते आग्नेय आशियातले. लोकांनी हौसेने घरी पाळले. पिल्लू दहा-बारा फुटांचे झाले, की हौस फिटली! मग दिले दलदलीत सोडून. तेथे त्यांची संख्या वाढतच गेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार रॅकून नावाचे प्राणी दिसण्याचे प्रमाण तेथे ९९ टक्क्यांनी घटले होते. ससे तर दिसेनासेच झाले.

अजगर पकडण्यापेक्षा शोधणे कठीण. गवतात दोन हातांवर असला तरी तो दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. ते नराच्या शरीरात शस्त्रक्रियेने लहानसे रेडिओयंत्र बसवतात आणि त्याला सोडून देतात. विणीच्या हंगामात नर मादीकडे जातो. यंत्राच्या खुणेवरून माणसेही चिखल तुडवत मागोमाग जातात. मादीला पकडतात, नराला मात्र पुन्हा सोडतात. पुढच्या मादीचा पत्ता तोच देणार ना! अशा एका मादीच्या पोटात १२२ अंडी निघाली.

पकडलेले अजगर मारावे लागतात. त्यांचा काय दोष, असे तुम्ही विचाराल. दोष त्यांचा नाहीच.

२०१७ साली तमिळनाडूतील इरुला जमातीचे दोन साप पकडणारे तेथे गेले. त्यांना इंग्रजी येत नव्हते. सोबत दुभाषी होते. पण जमिनीवरच्या खुणा ओळखत त्यांनी थोड्याच दिवसांत १३ अजगर पकडले.