विशेषणांची हुंडी

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात माझी उमेदीची बरीचशी वर्षे गेली, आणि त्या अवधीत सिन्नर, निफाड, दिंडोरी अशा तालुक्यांतून आयटीआयचा अथवा डिप्लोमाचा दाखला घेऊन आलेल्या उमेदवारांच्या तोंडून स्वतःविषयीची जी इंग्रजी विशेषणे मी ऐकली, ती सगळी खरी असती तर आमच्याकडे पर्यवेक्षक नेमण्याची गरजच उरली नसती. हार्डवर्किंग, सिन्सिअर, डेडिकेटेड, डायनॅमिक! यांपैकी एकही शब्द वाईट नव्हे. परंतु असे प्रत्येक विशेषण म्हणजे मुलाखत घेणाऱ्याच्या हाती दिलेली हुंडी असते आणि तो ती तिथल्या तिथे वटवायला काढतो, हे कॉलेज रोडवरच्या क्लासांत बहुधा कोणी सांगत नसावे.

एक प्रसंग विस्ताराने सांगण्याजोगा आहे. 'आय ॲम व्हेरी मेटिक्युलस,' असे एका तरुणाने, उच्चारात तिळमात्र चूक न करता, ठासून सांगितले, तेव्हा आमच्या तपासणी विभागाच्या प्रमुखांनी खणातून एक जुना व्हर्निअर कॅलिपर काढला, शेजारी एक पोलादी पिन ठेवली आणि 'प्लीज मेझर' एवढेच म्हटले. त्या व्हर्निअरचे जबडे झिजलेले होते, पूर्ण मिटले तरी शून्याशी शून्य जुळत नसे, 0.02 मिलिमीटरपर्यंत माप देणाऱ्या त्या उपकरणाची झिरो एरर न पाहताच त्याने आकडा सांगितला, आणि पुढचे संभाषण केवळ शिष्टाचारापुरते उरले. मुलगा खोटारडा मुळीच नव्हता. यंत्रापाशी उभा असता तर सवयीने त्याने जबडे मिटवून पाहिलेही असते, पण त्याचे सारे चित्त त्या अवघड शब्दात गुंतलेले होते. त्याच दुपारी दुसरा एक उमेदवार अडखळत म्हणाला, 'सर, आय चेक झिरो फर्स्ट. देन आय टेक थ्री रीडिंग्ज.' नेमणूक त्याची झाली.

म्हणून माझे सांगणे असे, की शब्द निवडण्यापूर्वी आपल्या हातून घडलेले काम आठवावे, आणि ते सांगणारे क्रियापद आधी तोंडी बसवावे. 'पंक्च्युअल' म्हणणाऱ्याला, निफाडहून सकाळी 7 च्या पाळीला कसा पोहोचशील, हा प्रश्न हटकून येतो. त्याचे एसटीच्या वेळेसकट उत्तर तयार नसेल तर तो शब्द उच्चारू नये. 'टीम प्लेअर' म्हणायचे असल्यास, 'आय डिड द वेल्डिंग, माय फ्रेंड मेड द ड्रॉइंग,' इतके सांगावे, म्हणजे प्रोजेक्ट विकत आणला नव्हता याची खात्री पटते. 'हॉनेस्ट' हा शब्द स्वतःविषयी वापरूच नये, आणि वापरलाच तर त्यातला ह उच्चारू नये. सुरुवात 'मायसेल्फ अमुक तमुक' अशी न करता 'माय नेम इज' अशी करावी.

नाशिकरोडला 1925 साली सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, त्या जमान्यात नोकरीच्या इंग्रजी दरखास्तीचा मजकूर 'आय बेग टू स्टेट'ने सुरू होऊन 'मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'पाशी संपे, आणि पुष्कळदा तो कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाने लिहून दिलेला असे. आजच्या उमेदवाराने ते लाचार शब्द टाकले हे उत्तमच झाले, पण मजकूर अद्याप दुसऱ्याचाच आहे. फरक इतकाच, की अर्जनवीसाची फी माफक असे.

याचा कळस होतो तो 'वीक पॉइंट' विचारल्यावर. 'आय ॲम अ परफेक्शनिस्ट' किंवा 'वर्कोहोलिक' हे उत्तर मंडळाने जेवणाच्या सुट्टीपूर्वीच इतक्यांदा ऐकलेले असते, की कोणी मान वर करून पाहतही नाही. त्यापेक्षा 'माय इंग्लिश इज स्लो, बट आय कॅन रीड अ ड्रॉइंग' हे वाक्य मला केव्हाही अधिक वजनदार वाटते. मात्र ते म्हणताच समोरून ड्रॉइंग पुढे सरकवले जाण्याचा संभव पुष्कळ. तेव्हा त्यावरील चिन्ह पाहून ते फर्स्ट अँगलचे की थर्ड अँगलचे, आणि टॉलरन्स किती दिला आहे, याची उजळणी आदल्या रात्रीच करून निघावे.