अपूर्णांवर कृपा

पाठ : २ करिंथ १२, वचनें ७ ते १०

आपल्या देहांतला कांटा निघावा म्हणून प्रेषित पौलानें प्रभूला तीनदां विनविलें. कांटा निघाला नाहीं. मात्र कृपा मिळाली. आम्ही बहुधा उलट समजतों : आधीं दोष जावे, मन शांत व्हावें, मग कृपेच्या दारीं उभें राहावें. हा समज खोटा कसा, हें आपल्या खानदेशांतील एका कवीच्या चरित्रावरून पाहूं.

त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवि, यांचा जन्म १८९० सालीं एरंडोलाजवळच्या धरणगांवीं झाला. १९०७ सालच्या जळगांवच्या कविसंमेलनांत त्यांचें नांव झालें. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं त्यांना अहमदनगरास आपल्या घरीं नेलें. फुलांचें व झऱ्यांचें गाणें गाणाऱ्या या तरुणाच्या मनांत खोल उदासीनताहि होती.

तें घर तरी निर्दोष होतें काय? टिळकांचा स्वभाव तापट. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. कांहीं वर्षें पतिपत्नी वेगळीं राहिलीं. १९०० सालीं लक्ष्मीबाईंचाहि बाप्तिस्मा झाला. पतीचा राग व आपलें दुःख हीं दोन्ही त्यांनीं 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्रांत न लपवितां सांगितलीं आहेत. अशा भेगा पडलेल्या घरांत परक्या तरुणाला पुत्राची जागा मिळाली. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहींत. तरी त्या घरची माया आटली नाहीं. कृपा मोबदला मागत नाहीं.

ता. ५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून ठोमरे मरण पावले. वय अवघें सत्तावीस. मग ती माया वायां गेली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पौलाचा कांटाहि राहिलाच होता. दुःख उरलें तरी तें घेऊन येणाऱ्यास कृपेचें दार बंद होत नाहीं.

एरंडोल व आसपासच्या खेड्यांतील बंधुभगिनींनो, दारू सुटत नाहीं म्हणून लाजेनें उपासनेस न येणारा भाऊ, मूल गेल्यापासून अबोल झालेली बहीण, हीं आपल्याच मंडळींत आहेत. 'आधीं सुधारा, मग या,' असें त्यांस सांगूं नये. आणि 'आधीं आमचें घर सुधारूं, मग त्यांना बोलावूं,' असेंहि म्हणूं नये. भाकरीचा अर्धा तुकडा घेऊन आजच त्यांच्याकडे जावें.

मननासाठीं प्रश्न
१. पौलाची विनंती मान्य झाली नाहीं, तरी त्याला काय मिळालें?
२. या आठवड्यांत आपण कोणाच्या दारीं जाणार?