सिकलसेलचे निदान, आरोग्य विमा आणि सत्यकथन

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून प्रेषितांनी (स.) फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण व्यापाऱ्यांना ऐकवतो. विम्याच्या अर्जातील ‘पूर्वीचे आजार’ हा रकाना भरतानाही ती आठवावी.

वाचकहो, तिरोडा, गोंदिया, गडचिरोली या भागांत सिकलसेल हा शब्द नवा नाही. मुलाच्या रक्ताचा अहवाल ‘एसएस’ आला की आयुष्यभराच्या उपचारांची चिंता सुरू होते. मग कोणी हितचिंतक सुचवतो, “अर्जात लिहूच नका.”

त्याआधी हक्काचे दार ठोठवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही; जुना आजार आड येत नाही. सिकलसेलचे कोणते उपचार समाविष्ट आहेत, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून जाणून घ्यावे. ‘एसएस’ रुग्णाने दिव्यांग प्रमाणपत्राचीही चौकशी करावी. 2016 च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे.

एवढ्याने भागत नसेल तर खाजगी विम्याचा प्रश्न येतो. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 1985 मध्ये ठरीव हप्त्याचा व्यापारी विमा ‘गरर’मुळे, म्हणजे करारातील मोठ्या अनिश्चिततेमुळे, निषिद्ध ठरवला आणि परस्पर साहाय्यावरील विम्याला मान्यता दिली. अन्न कमी पडल्यावर उरलेसुरले एका कापडावर गोळा करून समान वाटून घेणाऱ्या अशअरी लोकांची प्रेषितांनी (स.) प्रशंसा केली होती, साहाय्याचा पाया तोच. तथापि असा तकाफुल आपल्याकडे सहज उपलब्ध नाही. म्हणून निकडीच्या मर्यादेबाबत उलेमांत मतभेद आहेत. आपली परिस्थिती, उत्पन्न आणि डॉक्टरांचा अहवाल विश्वासू मुफ्तींसमोर ठेवूनच निर्णय घ्यावा. शेजाऱ्याने घेतला म्हणून आपणही घ्यावा, हे कारण पुरेसे नाही. नोकरीच्या ठिकाणी सामूहिक विमा असेल तर आधी त्याच्या अटी पाहाव्यात; अनेकदा त्यात जुन्या आजारासाठी थांबावे लागत नाही.

विमा घेण्याचे ठरले तर लपवाछपवी नको. एप्रिल 2024 पासून जाहीर केलेल्या जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ 36 महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कंपनी हप्ता वाढवील, कदाचित नकारही देईल, ते सोसावे. सलग 60 महिन्यांनंतर माहिती दडवल्याचे कारण पुढे करून दावा नाकारता येत नाही, हा नियम सांगून काही एजंट धीर देतात. परंतु सिद्ध झालेली फसवणूक या नियमातून वगळलेली आहे, आणि जाणूनबुजून दडवलेला अहवाल दुसरे काय असतो?

सत्य सांगताना नेमके सांगावे. ‘एएस’ म्हणजे वाहक; त्याला सहसा उपचार लागत नाहीत. केवळ ‘सिकलसेल आहे’ असे लिहून वाहकाला रुग्ण ठरवू नये. एचपीएलसी अहवालाची प्रत जोडावी. अर्ज एजंटच्या हाती कोरा सोडू नये, स्वाक्षरी आपली असते. पॉलिसी हाती आल्यावर आपण कळवलेला आजार तिच्यात नोंदला आहे का, ते पाहावे. नसेल तर कंपनीला लेखी कळवावे. अटी पटल्या नाहीत तर नवी पॉलिसी परत करण्यास 30 दिवसांची मुदत असते.