सावर्ड्यात हॉटेलकामाचा वर्ग उभारण्याची कृती

हॉटेलकामाचे बहुतेक वर्ग अभ्यासक्रमापासून सुरू होतात आणि प्रमाणपत्र वाटपाच्या फोटोपाशी संपतात. गळती त्यानंतर लागते. मुलगा पनवेलला नाहीतर पणजीला कामाला लागतो आणि दुसऱ्या पगाराच्या आत पिशवी उचलून घरी येतो. म्हणून हा वर्ग मागून पुढे आखायचा: नोकरीच्या नव्वदाव्या दिवशी पोर कामावर असायला हवं, एवढं धरून एकेक पायरी मागे यायचं.

सावर्डे त्यासाठी सोयीचं गाव आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे दारात, सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे आसपासच्या वाड्यांतल्या मुलांची इथे शिकायला येण्याची सवय जुनी. कात कारखान्यांत आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या घरांतली, दहावी-बारावीला अडकलेली मुलं हीच या वर्गाची खरी मुलं.

लागणारं साहित्य

१८ ते २८ वयाची २० मुलंमुली. दोन खोल्या आणि एक मोरी. दोन पलंग, गाद्या, पांढऱ्या चादरी. व्यावसायिक शेगडी, तीन रंगांचे चॉपिंग बोर्ड, अन्नाचा थर्मामीटर. हॉटेलात दहा वर्षं काढलेला एक आचारी आणि एक स्टुअर्ड. फोनवर न कंटाळता बोलणारी एक ताई. हिचा पगार वर्ग संपल्यानंतरही तीन महिने चालू ठेवायचा.

कृती

१. आधी नोकऱ्या मोजा. मुलं गोळा करण्यापूर्वी महिनाभर हॉटेलं पालथी घाला. नजर फक्त पंचतारांकितावर नको. महामार्गावरची रेस्टॉरंट, गणपतीपुळ्याची लॉज, गुहागरकडची घरगुती निवासं, डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयांतली स्वयंपाकघरं आणि हाउसकीपिंग, सगळीकडे हेच काम आहे. प्रत्येकाला चार गोष्टी विचारा: किती माणसं हवीत, पगार किती, राहायची सोय कशी, मागचा मुलगा का गेला. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरांतून निम्मा अभ्यासक्रम तयार होतो. मालकाला सुरुवातीपासून गुंतवणं महत्त्वाचं. ‘प्रथम’ संस्थेने खुलताबादला हॉटेलकामाचं प्रशिक्षण उभं केलं तेही ताज समूहाला बरोबर घेऊन.

२. निवड घरी जाऊन करा. अर्ज मागवलात तर अर्ज भरता येणारीच मुलं येतात. वाडीवर जा, ओटीवर बसा. “शिकून काय हॉटेलात उष्टी उचलायची?” हे पहिल्याच भेटीत ऐकायला मिळेल. वाद घालू नका. आईवडिलांना एकदा खऱ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात नेऊन आणा. मुलीच्या घरी रात्रपाळीचा विषय आपणच काढा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षिततेची आणि घरी पोचवण्याची जबाबदारी मालकावर असते. हे आईला कळलं की बोलणं पुढे सरकतं.

३. वर्ग लावणीनंतर सुरू करा. जूनमध्ये सुरू केलात तर पहिल्या चांगल्या पावसाला निम्मा वर्ग शेतात असेल. जुलैच्या मध्याला सुरुवात, गौरी-गणपतीला आठवड्याची सुट्टी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेवट. म्हणजे दिवाळीच्या गर्दीआधी मुलं कामावर हजर. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ‘हुनर से रोजगार तक’ या २००९-१० मध्ये सुरू झालेल्या योजनेत आठवी पास मुलांसाठी सहा-आठ आठवड्यांचेच वर्ग होते. हाताचं कौशल्य तेवढ्यात येतं. आपण दहा आठवडे घ्यायचे ते पायऱ्या ६ आणि ७ साठी.

४. पैशाचं आधी ठरवा. एसटीचा पास आणि दुपारचं जेवण वर्गाने द्यावं. गळतीची पहिली कारणं तीच. फी घ्यायचीच तर नोकरी लागल्यावर, छोट्या हप्त्यांत. भांडवल मागायला जाताना प्रेमा पुरव यांचं उदाहरण जवळ ठेवा. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांसाठी त्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या कचाट्यातून सोडवून त्यांना बँकेच्या दारात नेलं. त्या खानावळींत जेवणाऱ्यांत रत्नागिरीकडचे चाकरमानी कितीतरी होते. तारण म्हणून त्या बायकांकडे हाताची चव आणि एकमेकींची हमी होती, आणि ती बँकेने मानली.

५. हात तयार करा. रोज सकाळी स्वयंपाकघर, दुपारी खोली.

स्वयंपाकघरात पहिला धडा बोर्डांचा: लाल कच्च्या मटणाला, निळा मासळीला, हिरवा भाजीला. घरात एकाच विळीवर बांगडा आणि कोथिंबीर कापलेली असते, त्यामुळे ही सवय मोडायला दोन आठवडे लागतात. दुसरा धडा थर्मामीटरचा. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात; म्हणून आमटी ६० च्या वर, सोलकढी ५ च्या खाली. नारळाचं दूध उकाड्यात किती लवकर फिरतं हे मुलांना घरून ठाऊक असतं. त्याला आकडा जोडून द्यायचा.

खोलीत चादरीचा कोपरा. पायाकडची चादर गादीखाली खोचा. कोपऱ्यापासून हातभर अंतरावर बाजूची कड उचलून गादीवर आडवी टाका, त्रिकोण दिसेल. खाली लोंबणारी पट्टी आत खोचा, मग त्रिकोण खाली सोडून तोही खोचा. घडी ४५ अंशांत यायला हवी आणि तळहात फिरवल्यावर सुरकुती लागता कामा नये. दोघांनी मिळून नव्हे, एकट्याने जमलं पाहिजे, कारण कामावर खोली एकट्याच्याच अंगावर पडते.

६. जीभ तयार करा. इंग्रजीचं व्याकरण बाजूला ठेवा. ३० वाक्यं घ्या: ऑर्डर घेणं, चूक झाली तर माफी, “विचारून सांगतो”. तीच हिंदीतही. आपली मुलं पाहुण्याच्या नजरेला नजर देत नाहीत. घरी तो उद्धटपणा मानला जातो. हे समजावून सांगा, आरशासमोर करून घ्या. एकाने तक्रारखोर गिऱ्हाईक व्हायचं, दुसऱ्याने ऐकून घ्यायचं. रोज अर्धा तास.

७. ब्रेक शिफ्टची तालीम करा. हॉटेलात सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ ते ११ अशी तुटक पाळी सर्रास असते. मधले चार तास अनोळखी शहरात काढणं नव्या मुलाला सगळ्यात जड जातं. शेवटचे दोन आठवडे वर्ग याच वेळेत भरवा. राहायची सोय शेजारच्या घरांत करा. उभ्याने आठ तास, स्टाफ मील उशिरा, मोबाइल लॉकरमध्ये. ज्याला हे नको वाटेल त्याला इथेच कळू द्या. त्याच्यासाठी घरगुती निवास किंवा रुग्णालयाचं काम शोधा. त्याला नापास ठरवू नका.

८. कागद वाचायला शिकवा. नेमणूकपत्र, किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी, पगारपत्रकातली पीएफची १२ टक्के आणि ईएसआयची ०.७५ टक्के कपात. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. मुलींनी तिच्या सदस्यांची नावं पहिल्याच दिवशी विचारून घ्यावीत. आणि गणपतीची रजा तोंडी ठेवू नका. “दरवर्षी एवढे दिवस, पाळीपाळीने” असं मालकाकडून लिहून घ्या. नोकरी सोडून आलेल्या कोकणी पोरांत रजा न मिळाल्यामुळे आलेले बरेच असतात.

९. नव्वद दिवस फोन करा. पहिल्या आठवड्यात रोज, मग आठवड्यातून दोनदा. प्रश्न ठरलेले: जेवलास का, झोपतोस कुठे, पगार जमा झाला का. एका हॉटेलात दोघंतिघं एकत्र पाठवा. कोणी परत आला तर दोन दिवसांत घरी जाऊन कारण विचारा आणि वहीत लिहा. एकाच हॉटेलातून तीन मुलं एकाच कारणासाठी आली, तर ते हॉटेल यादीतून काढा.

जमलं की नाही, कसं ओळखावं

किती शिकले, किती लागले हे आकडे देणगीदाराच्या अहवालात जातील. आपल्या वहीत एकच आकडा ठेवा: नव्वदाव्या दिवशी कामावर किती. वीसपैकी बारा असतील तर आठ कारणांची यादी घेऊन अभ्यासक्रम बदला आणि मगच पुढची बॅच भरा. पुढच्या वर्षी वाडीवर जाताना त्या बारांपैकी एकाला रजा काढून बरोबर न्या. ओटीवर बसून बोलायचं काम त्याच्याकडे द्या.